पहिली कात्री आणि आकाशी पट्टे

मुलांनो, डोळे मिटू नका. कल्पना करायची म्हणजे डोळे मिटायचे, असं कुणीतरी उगीच सांगून ठेवलं आहे. तुम्ही उघड्या डोळ्यांनीच माझ्याबरोबर या.

असं समजा, की आपण बंगळुरात आहोत. शिवाजीनगरच्या बसस्टँडमागची गल्ली. सकाळची वेळ. कबाबवाल्याच्या शेगड्या घासून उपड्या घातल्या आहेत, शेजारचा माणूस मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानाचं शटर वर ढकलतो आहे, आणि त्याला लागून शिंप्याचं एक अरुंद दुकान आहे. दुकान उघडं आहे, पण दारात एक स्टूल आडवं ठेवलं आहे. स्टूल आडवं असेल तर आत जायचं नाही. का, ते सांगते.

दुकान विद्याधरचं. त्याचे पणजोबा अथणीकडून इथे आले आणि शिवणकाम करू लागले. घरात अजून मराठीच बोलतात, फक्त त्यात कानडी एवढं मिसळलं आहे की पुण्याच्या माणसाला मध्येमध्ये थांबून विचारावं लागतं. विद्याधर सगळ्यांचे कपडे शिवतो. रमजानात कुर्ते, सप्टेंबरात चर्चच्या जत्रेसाठी लहान मुलींचे झगे, गौरी-गणपतीला परकर-पोलकी. आणि रोज सकाळी पहिलं कापड कापण्याआधी तो एक गोष्ट करतो. दारात स्टूल आडवं लावतो, रस्त्याकडे पाठ करतो, भिंतीकडे तोंड करतो, कात्री कपाळाला लावतो आणि मनात काहीतरी म्हणतो. भिंतीवर तसबीर नाही. नुसती रंग उडालेली भिंत. मग तो वळतो, स्टूल बाजूला करतो आणि कामाला लागतो. ह्याला त्यांच्या घरात 'पहिली कात्री' म्हणतात. गिऱ्हाईक कितीही घाईचं असलं तरी पहिली कात्री होईपर्यंत बाहेर थांबतं.

मध्यंतरी महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करणारा अजिंक्य नावाचा एक तरुण पॅंट आखूड करून घ्यायला आला. पुण्याहून नवीनच आलेला. त्याने स्टुलाच्या अलीकडून मोबाइल धरला.

"काका, सॉरी हं, लाइट नीट नव्हता. एकदा परत कराल? फक्त टेन सेकंद. लोकांना असं काही बघायला खूप आवडतं."

"काय परत करू?"

"तेच, आत्ता केलंत ते. प्रेयर. जरा इकडे तोंड करून."

विद्याधर स्टूल उचलत म्हणाला, "परत केली तर ती तुमच्यासाठी केल्यासारखी होईल. तुमची पॅंट करतोय ना मी, तेवढं बास की."

कोपऱ्यात काज-बटण करत बसलेली अंबूबाई खुदकन हसली. ती विद्याधरची आत्या, म्हणून सगळ्या गल्लीचीच अंबूआत्या. "बाळा, माझा काढ की फोटो," ती म्हणाली. "मी सकाळपासून इकडेच तोंड करून बसलेय, कुणी विचारत नाही."

विद्याधरची मुलगी मनस्विनी. सहावीत. शाळेच्या आधी ती दुकान झाडते, त्यामुळे पहिली कात्री तिने जन्मापासून पाहिलेली. म्हणजे पाठीमागून पाहिलेली. एकदा तिने विचारलं होतं, "अण्णा, भिंतीकडे तोंड करून काय म्हणता हो तुम्ही?"

वडील म्हणाले, "ते सांगायचं असतं तर रस्त्याकडे तोंड केलं असतं."

मनस्विनीचीही स्वतःची एक प्रार्थना होती. पायमशीनवर हात ठेवून, वडलांसारखंच भिंतीकडे बघून ती म्हणायची. मला ती ठाऊक नाही, तुम्हालाही नाही, आणि ते ठीकच आहे.

आता गल्लीच्या टोकाला चला. तिथे एक सरकारी शाळा आहे. बोलणं कानडीत चालतं, तुमच्यासाठी मी ते मराठीत सांगते. सकाळी मुलं मैदानात रांगा करतात, नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, म्हणतात, एक जण बातम्या वाचतो, मग वर्ग भरतात. नाडगीताला पुढे मनस्विनी, कारण तिचा आवाज तसाच. उंच जातो, पण चिरकत नाही. तिच्या बाकावर तबस्सुम बसते. तबस्सुमचा आवाज फाटका, पण तिला तेविसाचा पाढा सरळ आणि उलटा दोन्हीकडून येतो, आणि ती तो रिकाम्या वेळी गुणगुणत असते, जशी इतर मुली सिनेमातली गाणी गुणगुणतात. त्या दोघींच्या मागच्या बाकावर अरोक्यराज. त्याला काहीच नीट येत नाही, फक्त बोलता येतं.

आणि आता असं समजा, की एके दिवशी सरकारने एक आदेश काढला.

मुख्याध्यापिका महानंदा मॅडमनी तो माइकवरून वाचून दाखवला. प्रत्येक सरकारी शाळेने दिवसाची सुरुवात प्रार्थनेने करावी. सक्ती कुणावरही नाही, सरकार फक्त प्रोत्साहन देत आहे. जी मुलं प्रार्थनेत भाग घेतील त्यांना खांद्यावरून तिरका घालायला एक आकाशी पट्टा मिळेल. ज्या शाळेतली सगळी मुलं भाग घेतील ती 'प्रार्थनाशील शाळा' म्हणवली जाईल, आणि अशा शाळांची दुरुस्ती आधी हाती घेतली जाईल. ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांनी तेवढा वेळ बाजूला थांबावं.

त्या शाळेत 'बाजूला' म्हणजे पाण्याच्या टाकीपाशी. दुसरी जागाच नव्हती.

महानंदा मॅडम वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगून ठेवते. चौथीच्या वर्गाचं छप्पर गळत होतं. पाऊस आला की मुलं बाकं भिंतीला लावून उभी राहायची, आणि मॅडम स्वतः बादली घेऊन यायच्या. त्यांनी वर कितीतरी वेळा कळवलं होतं. आदेशातली बाकीची वाक्यं त्यांनी एकदा वाचली असतील. दुरुस्तीचं वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

प्रार्थनाही वरूनच आली होती. कुणीतरी कुठल्याशा खोलीत बसून, कुणालाही खटकू नये अशा बेताने ती लिहिली होती. 'हे सर्वांच्या पित्या, आम्हांस शिस्त दे, सद्बुद्धी दे, आमच्या राज्याची भरभराट कर.' कुणाच्याच देवाचं नाव नाही.

"अय्यो," अरोक्यराज मागून कुजबुजला. "ह्यात आमच्या येशूचं नाव नाही, तिच्या अल्लाचं नाही, तुमच्या कुणाचंच नाही. पाकिटावर पत्ताच नाही. पोस्टमनने टाकायचं कुठे?"

"सरकारी टपाल आहे," तबस्सुम म्हणाली. "फिरून सरकारकडेच जाणार."

तिघेही हसले. त्या दिवशी हसणं सोपं होतं.

पट्टे शिवायचं काम विद्याधरकडे आलं. आकाशी कापडाचा तागा दुकानात आला, आणि अंबूआत्याने त्यावर हात फिरवून कापड बरं आहे असा निकाल दिला. पुढे उभं राहून प्रार्थना सांगायला मॅडमनी मनस्विनीला निवडलं. ती खूश झाली. का नाही होणार? माइक तिच्यासमोर, सगळं मैदान तिच्यामागून म्हणणार. तिने घरी चार-चारदा म्हणून बघितली. विद्याधरने ऐकली, मान हलवली.

पहिल्या दिवशी टाकीपाशी बरीच मुलं होती. तबस्सुमही होती. तिच्या अम्मीने तिला सांगितलं होतं, "आपली नमाज आपल्या वेळेला, आपल्या घरी. त्यांना हसू नकोस, आणि त्यांच्यासारखं करूही नकोस." काही मुलांच्या घरी दुसराच देव होता, काहींच्या घरी देवच नव्हता, आणि एक-दोघं पट्टा टोचतो म्हणून गेली होती. पण मग हळूहळू टाकीपाशीची रांग आटत गेली.

कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. फक्त खेळाच्या तासाला संघ पाडताना कुणीतरी म्हणालं, "टाकीवाले शेवटी." मग ते नावच पडलं. टाकीवाला, टाकीवाली. नंतर एकदा दुपारी जोराची सर आली, आणि चौथीतली एक चिमुरडी दप्तर डोक्यावर धरून तबस्सुमसमोर येऊन उभी राहिली. "अक्का, तुमच्यामुळे आमच्या वर्गात पाणी गळतं." तिला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. बहुतेक कुणीच नाही. मोठी माणसं बोलतात तेव्हा लहान कान शेजारीच असतात.

त्यानंतरच्या सोमवारी मनस्विनी माइकसमोर आली, तेव्हा टाकीपाशी कुणीच नव्हतं. तबस्सुम पहिल्या रांगेत. अंगावर आकाशी पट्टा, हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ भराभर हलताहेत.

मनस्विनीला इतकं बरं वाटलं की तिने शेवटची ओळ दोनदा म्हटली. वर्गात गेल्या गेल्या तिने तबस्सुमला ढोसलं. "आलीस! आणि पाठ कधी केलीस गं? सगळ्यांच्या पुढे ओठ हलत होते तुझे."

"पाठच आहे मला. तेविसाचा पाढा."

मनस्विनी हसली. तबस्सुम हसली नाही.

"पट्टा दप्तराच्या तळाशी ठेवते," ती म्हणाली. "अम्मीला सांगितलेलं नाही. मी हात जोडून कधी खोटं बोलले नव्हते, मनू. आता रोज सकाळी बोलणार."

"मग नको ना म्हणू. मी काय सक्ती केलीय?"

"तू कशाला करशील? तू नुसती म्हणतेस. तुझा आवाज छान आहे, म्हणून सगळे तुझ्यामागून म्हणतात, आणि मग न म्हणणारे उघडे पडतात." तिने दप्तर उचललं. "तुझ्याशी बोलले की मला तो पाढा आठवतो. मी आज तिकडे बसते."

आणि ती खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तिथेच, पुढच्या आठवड्यातही तिथेच. पाढा गुणगुणणं तिने सोडून दिलं. मनस्विनीच्या शेजारची अर्धी फळी रिकामी राहिली, आणि अरोक्यराजसुद्धा त्यावर काही विनोद करेना.

मनस्विनी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. महानंदा मॅडम बिदरच्या, त्यांना मराठी यायचं. एकट्यात त्या तिच्याशी मराठीतच बोलायच्या.

"मॅडम, उद्यापासून मी पुढे म्हणणार नाही."

"घसा बसलाय?"

"नाही. म्हणायची नाही."

मॅडमनी चष्मा काढला. रागावल्या नाहीत. "घरी कुणी काही बोललं?"

"नाही."

"प्रार्थना करणं वाईट आहे का गं?"

"नाही, मॅडम."

"तू करतेस?"

"रोज."

"मग चांगल्या गोष्टीला सरकारने चांगलं म्हटलं तर बिघडलं कुठे? हात धुवा म्हणतं, दात घासा म्हणतं, झाडं लावा म्हणतं. तेव्हा तू म्हणतेस का, की मी नाही धुणार?"

मुलांनो, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? घाई करू नका. मनस्विनीनेही केली नाही. ती नुसती टेबलाच्या कडेकडे बघत उभी राहिली.

"गुरुवारी शिक्षणखात्याचे मोठे साहेब येताहेत," मॅडम म्हणाल्या. "सगळी मुलं पट्ट्यात दिसली की ते शिफारस करतील. तेवढा एक दिवस म्हण. माझ्यासाठी नको, त्या चौथीच्या पोरांसाठी म्हण. मग बघू. सरी?"

'सरी' म्हणजे कानडीत 'ठीक आहे'. मनस्विनी सरी म्हणाली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही.

दुकानात विद्याधर पट्ट्यांचा शेवटचा गठ्ठा इस्त्री करत होता. मनस्विनीने मॅडमचा प्रश्न जसाच्या तसा त्याच्यापुढे ठेवला.

अंबूआत्याने सुईत दोरा ओवता ओवता निकाल देऊन टाकला. "अगं, म्हण की दोन ओळी! वाईट काय आहे त्यात? पोरांच्या डोक्यावर छप्पर येईल. देव काय तुझ्यावर रुसून बसणार आहे?"

"देवाचं नाही, आत्या. तबस्सुम रुसलीय."

"तिला जिलबी दे."

"आत्या!"

"बरं, बरं. मी म्हातारी, मला काय कळतं."

विद्याधरने इस्त्री उभी केली. "दात घासायचं आणि हे एकच आहे का?" त्याने विचारलं. "तूच बघ. दात घासले की नाही, हे बाईंना कसं कळतं?"

"आ करायला लावतात."

"माझ्या तोंडात बघतील तर काय कळेल त्यांना?" अंबूआत्या म्हणाली. तिला पुढचे दोनच दात होते. मनस्विनीला हसू आलं, आणि हसता हसता ती थांबली.

"प्रार्थना केली की नाही, हे आ करून दिसत नाही," ती म्हणाली.

"नाही दिसत."

"मग ते पट्टा बघतात. पट्टा दिसतो." ती इस्त्री केलेल्या गठ्ठ्याकडे बघत होती. "आत तेविसाचा पाढा असला तरी पट्टा तसाच दिसतो. अण्णा, तुम्ही त्या मोबाइलवाल्या दादाला परत करून का नाही दाखवली?"

"ती दाखवायची वस्तू नाही."

"पण सरकारने सांगितलं असतं तर?"

विद्याधरने गठ्ठ्यावरचा पट्टा सरळ केला. पट्टे त्यानेच शिवले होते, आणि आकाशी तागा पहिल्यांदा कापायच्या दिवशीही त्याने पहिली कात्री केलीच होती. "माझ्या दारात स्टूल आहे," तो म्हणाला. "त्याच्या आत कुणी येत नाही. सरकारही गिऱ्हाईकच. बाहेर थांबेल." मग त्याने पुन्हा इस्त्री उचलली. "पण माइकसमोर तू उभी राहणार आहेस, मी नाही. मी काय सांगू तुला?"

त्याने खरंच पुढे काही सांगितलं नाही. मला तो त्यासाठी आवडतो.

गुरुवार आला. मैदान झाडून ठेवलेलं. साहेब आले, त्यांच्याबरोबर एक फोटो काढणारा. साहेब हसतमुख होते, मुलांच्या डोक्यावर हात ठेवत होते, पुढच्या रांगेतल्या एकाच्या बुटाची नाडी त्यांनी स्वतः वाकून बांधली. सगळीकडे आकाशी पट्टे. टाकीपाशी एक कावळा तेवढा बसला होता.

नाडगीत झालं. मॅडमनी मनस्विनीकडे बघून मान हलवली. ती पायरीवर चढली. माइक खरखरला. मुलांनी हात जोडले.

मनस्विनी काहीच बोलली नाही.

मुलं डोळे मिटून वाट बघत राहिली. मग एकेकाने एकेक डोळा उघडला.

"घाबरलीस?" साहेबांनी विचारलं. "सावकाश. पहिली ओळ मी सांगू?"

"ओळ येते, सर. मी म्हणणार नाही."

माइक चालू होता. ते वाक्य मैदानावरून गेलं आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत आलं.

साहेबांचं हसू थोडं आखडलं, पण गेलं नाही. "का बरं? तुझा देवावर विश्वास नाही?"

"आहे. म्हणून तर म्हणणार नाही. माझी प्रार्थना मी घरी करते, सर. ती कुणाला दाखवत नाही."

"हे बघ, घरी कर, इथेही कर. सरकार काय वाईट सांगतंय का?"

"दात घासायला सांगा, सर, मी घासते. झाडं सांगा, लावते. हे सांगू नका." तिचा आवाज आता थरथरत होता, पण चिरकला नाही. "कारण हे तुम्हाला तपासता येत नाही. तपासता येत नाही म्हणून तुम्ही पट्टे बघता. मग मुलं पट्ट्यासाठी ओठ हलवतात."

"कोण मुलं?"

मनस्विनीने पहिल्या रांगेकडे बघायचं टाळलं.

"नाव सांग. कोण नुसते ओठ हलवतं?"

"नाव नाही सांगणार."

"म्हणजे कुणीच नाही." साहेब मैदानाकडे वळले. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. त्यांनी पहिल्या रांगेवरून नजर फिरवली, आणि ती एका जागी थांबली. "ही मुलगी बघा. मी आल्यापासून बघतोय, हात कसे नीट जोडलेत. ये बाळ, वर ये. तू सांग प्रार्थना. ह्या अक्काला दाखवून दे, मनापासून कशी म्हणतात ते."

ती तबस्सुम होती.

ती पायरीवर आली. मनस्विनी बाजूला झाली. दोघींनी कितीतरी दिवसांनी एकमेकींकडे इतक्या जवळून बघितलं. फोटोवाला पुढे सरसावला. तबस्सुमने माइकची दांडी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले, आणि तिचे ओठ हलायला लागले. आवाज येईना.

"मोठ्याने," साहेब म्हणाले. "रोज म्हणतेस तसं."

तबस्सुमने डोळे उघडले.

"तेवीस एके तेवीस," ती तिच्या फाटक्या आवाजात म्हणाली. "तेवीस दुणे शेहेचाळीस. तेवीस त्रिक एकोणसत्तर."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मागच्या रांगेतल्या लहान मुलांना वाटलं, हीच आजची प्रार्थना, आणि ती इमानदारीत मागून म्हणायला लागली, "तेवीस एके तेवीस." मग कुठेतरी हसू फुटलं, आणि अख्खं मैदान हसलं. तबस्सुम नाही हसली.

"रोज हेच म्हणते, सर," ती म्हणाली. "आमच्या घरी प्रार्थना वेगळी आहे. ही माझी नाही."

साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते आवाज चढवणारे नव्हते. "ठीक आहे," ते म्हणाले. "सरकारने सक्ती केलेलीच नाही. ज्यांना म्हणायची नाही त्यांच्यासाठी जागा आहे. पट्टा काढून दे आणि तिकडे जाऊन थांब."

त्यांनी हात पुढे केला. तबस्सुमने पट्टा डोक्यावरून काढला, तो वेणीत अडकला, तिने ओढून सोडवला आणि त्यांच्या हातात दिला. मग ती टाकीकडे चालायला लागली. मैदान काही मोठं नाही, तुम्ही एका दमात पळून जाल. पण सगळे बघत असले की कुठलंही मैदान लांब होतं. कुणीतरी बारीक आवाजात "टाकीवाली" म्हणालं, आणि कुणी हसलं नाही. कावळा उडून गेला. ती टाकीच्या सावलीत जाऊन एकटी उभी राहिली.

"बरं," साहेब मनस्विनीला म्हणाले. माइक हाताने झाकून, हळू आवाजात, समजुतीने. "आता तू सुरू कर. झालं ते मी विसरून जातो. शाळा चांगली आहे, छपराचंही मी बघतो. एका मुलीमुळे काही बिघडत नाही."

 महानंदा मॅडमनी एकदा चौथीच्या छपराकडे बघितलं, एकदा टाकीकडे. मग त्या खाली, स्वतःच्या चपलांकडे बघत राहिल्या.

अरोक्यराज तिसऱ्या रांगेत होता. त्याचा हात पट्ट्यावर होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बोलायला काही सापडत नव्हतं.

मनस्विनीने माइक बंद केला. पट्टा खांद्यावरून काढला. शिंप्याची पोर ती, तो चुरगळून देणं तिला जमलंच नसतं. तिने कडेला कड लावून त्याची चौकोनी घडी केली, हाताने दाबली आणि साहेबांच्या हातात, तबस्सुमच्या चुरगळलेल्या पट्ट्यावर, नीट ठेवली. पायरी उतरली. मैदान ओलांडून टाकीपाशी गेली आणि तबस्सुमच्या शेजारी उभी राहिली. मग तिने मैदानाकडे पाठ केली, टाकीच्या ओलसर भिंतीकडे तोंड केलं, आणि तिला जे म्हणायचं होतं ते मनातल्या मनात म्हणाली. मागून चपलांचा आवाज येऊ लागला, तेव्हा कोण आलं ते तिने वळून पाहिलं नाही. येणाऱ्याला जागा व्हावी म्हणून ती फक्त थोडी बाजूला सरकली.